न मिळाल्यास सोया सॉस

‘व्हिएतनामी पद्धतीचा मासा आणि नूडल्स’ अशा किंवा यासारख्या नावाची पाककृती तुम्ही एव्हाना कुठेतरी वाचलीच असेल, रविवारच्या पुरवणीत नाहीतर एखाद्या व्हिडिओखाली. साहित्य साधारण ठरलेलं असतं. बिनकाट्याचे माशाचे तुकडे, राईस नूडल्स, फिश सॉस, लेमनग्रास, चिमूटभर हळद, वरून शेंगदाणे. आणि मग माझा लाडका शब्द येतो: न मिळाल्यास. फिश सॉस न मिळाल्यास सोया सॉस. राईस नूडल्स न मिळाल्यास हक्का नूडल्स. लेमनग्रास न मिळाल्यास लिंबाची साल.

विद्यापीठाच्या कागदावर माझ्या पीएचडीचा विषय बराच लांबलचक आहे. तुम्हाला सरळ सांगते: मराठीत छापलेल्या पाककृतींत ‘न मिळाल्यास’, ‘नसल्यास’, ‘ऐवजी’ या शब्दांपुढे काय लिहिलेलं असतं, ते मी गोळा करते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाककृती कोणासाठी लिहिली आहे हे त्या एका ओळीत जेवढं उघडं पडतं तेवढं दुसरीकडे कुठेच नाही. लिहिणारीच्या डोळ्यांसमोरची वाचक कुठल्या दुकानात जाते, कुठल्या दुकानात जात नाही, तिच्या घरात कुठला वास चालतो आणि कुठला नाही, हे सगळं तिथे कळतं.

आज या एकाच पाककृतीची समीक्षा करते आणि ती वर्ध्यात बसून करते, कारण वर्ध्यात ती फार मजेशीर होते.

आधी मूळ पदार्थ. व्हिएतनाममध्ये मासे आणि नूडल्सचे पदार्थ ढीगभर आहेत. पण मासा, हळद, शेंगदाणे आणि तांदळाची शेवई हा संच दिसला की तो बहुतेक हनोईच्या ‘चा का ला वोंग’पर्यंत जाऊन पोचतो. ‘का’ म्हणजे मासा. ‘ला वोंग’ हे चिनी कथांमधल्या गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याचं व्हिएतनामी नाव. त्याचा पुतळा दुकानात ठेवलेला असे, म्हणून पदार्थालाही तेच नाव चिकटलं. दोआन घराण्याचं हे दुकान आपलं साल १८७१ सांगतं. दुकान इतकं प्रसिद्ध झालं की पूर्वी रंग-लाखेच्या व्यापाराच्या नावाने ओळखला जाणारा तो रस्ताच आता ‘चा का’ रस्ता आहे.

पदार्थ असा: नदीतला मिशीवाला मासा, त्याचे जाड तुकडे. त्यांना हळद, आल्यासारखं एक मूळ, आंबवलेला भात आणि खारवलेल्या माशाचं पाणी लावून ठेवतात, कोळशावर शेकतात. मग ताटाजवळच एका कढईत भरपूर तेल, त्यात हे तुकडे, आणि वरून जुडीच्या जुडी शेपू आणि पातीचा कांदा. हो, शेपू. आपल्याकडे मुलं जिचं नाव काढलं की ताटावरून उठतात तीच भाजी. ती नुसती वरून भुरभुरवत नाहीत, भाजीसारखी मूठ-मूठ घालतात. बाजूला ‘बुन’, म्हणजे तांदळाची पांढरी, ओलसर, गार शेवई. भाजलेले शेंगदाणे. आणि वाटीत ‘मम तोम’: खारवून आंबवलेल्या कोळंबीची जांभळट चटणी, लिंबू, साखर, मिरची घालून फेस येईपर्यंत फेटलेली. जो तो आपल्या वाटीत आपापलं जुळवून खातो.

आता आपल्या पुरवणीतली पाककृती याच्या शेजारी ठेवून बघा. शेपू गायब आहे. नदीचा मासा गायब आहे. आंबवलेलं सगळं गायब आहे. जे उरलंय ते एका कढईत परतून एकत्र केलंय, म्हणजे खरं तर गाडीवरच्या हक्का नूडल्समध्ये मासा टाकलाय. माझी तक्रार ‘हे अस्सल नाही’ अशी नाही. अस्सलपणाची चौकीदारी मला करायची नाही. आपला साबुदाणा कुठून आला आणि मिरची कुठून आली हे सगळ्यांना ठाऊक आहे. तक्रार वेगळी आहे. या पाककृतीने नेमक्या त्याच गोष्टी वगळल्या ज्या वर्धा जिल्ह्यात बाजारात पडून आहेत, आणि ज्या मागवाव्या लागतात त्या मात्र यादीत ठेवल्या.

हळदीपासून बघू. समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे, हळद्या वायगाव. तिथल्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कुरकुमिन म्हणजे पिवळा रंग देणारं द्रव्य भरपूर असतं, ही तिची ख्याती. पाककृती मात्र ‘चिमूटभर हळद’ म्हणते आणि ती पाण्यात कालवायला सांगते. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. पाण्यात कालवलेली हळद माशावर पुटासारखी बसते आणि कच्चट लागते. हनोईतली कढई पिवळ्या तेलाने का भरलेली असते, ते यावरून लक्षात येईल. तिथे हळद मसाल्याचा एक भाग म्हणून नसते, ती तेलाची चव असते. आणि हे तंत्र आपल्याला परकं आहे का? आपण वडाभात, गोळाभात खातो तेव्हा काय करतो? गरम भातावर वडा कुस्करतो आणि वरून हिंग-मोहरी-हळदीची कडकडीत फोडणी ओततो. शेवईवर पिवळं गरम तेल ओतणं हा त्याचाच चुलतभाऊ. पाककृती लिहिणाऱ्याने ‘वडाभातावर तेल घेता तसं’ एवढे चार शब्द लिहिले असते, तर विदर्भातल्या प्रत्येक वाचकाला पदार्थ कळला असता. त्याऐवजी लिहिलंय ‘टॉस करा’.

मासा. इथे जरा थांबते, कारण गंमत इथेच आहे.

वर्ध्याचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला सेवाग्राम आठवतं, पवनारचा विनोबांचा आश्रम आठवतो. तो आश्रम धाम नदीच्या काठावर आहे. त्याच धामेत, वर्धा नदीत, वणेत, बोर धरणात ढिवर, भोई, कहार समाजाची माणसं मासे धरतात, पण जिल्ह्याच्या प्रतिमेत ती कुठे दिसत नाहीत. पाककृतीतही नाहीत. ‘बिनकाट्याचे फिलेट’ असं लिहिलं की नदीचा मासा यादीतून आपोआप बाद होतो.

काट्यांचा मुद्दा खोटा नाही, हे आधी मान्य करते. रोहू, कटला, मृगल हे कार्प जातीचे मासे. त्यांच्या मांसातच इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे रुतलेले असतात. शेवईत गुंडाळलेला असा घास तोंडात घालणं म्हणजे संकट. पण मिशीवाल्या माशांत हे मांसातले काटे नसतात. मधला मोठा काटा काढला की झालं. हनोईत ज्याला ‘का लांग’ म्हणतात तो मासा बॅग्रिडी कुळातला. आपल्या नद्यांतला शिंगाळा त्याच कुळातला, टेंगराही. म्हणजे पदार्थासाठी लागणारा मासा हनोईच्या माशाचा अगदी सख्खा नाही तरी भावकीतला, आणि तो आपल्या नदीत आहे. शिंगाळा नसेल तर मरळ. मरळीचं मांस घट्ट, काटे कमी, आणि व्हिएतनाममध्येही लोक घरी हा पदार्थ मरळीच्या जातीच्या माशाचा करतात. ‘शिंगाळा, न मिळाल्यास मरळ’ ही ओळ मी अजून एकाही मराठी पाककृतीत वाचलेली नाही.

आता दुसरी बाजू. तुमच्या बाजारात बर्फात ठेवलेला, गुळगुळीत, खवले नसलेला, सगळ्यात स्वस्त मासा दिसतो ना, पंगास? तोच मॉलच्या फ्रीझरमध्ये ‘बासा फिलेट’ होऊन येतो. हा मूळचा मेकाँग नदीचा मासा. व्हिएतनामने त्याचा एवढा मोठा निर्यातधंदा उभा केला की अमेरिकेतल्या मत्स्यशेतकऱ्यांनी ओरड केली आणि २००२ मध्ये तिथल्या कायद्याने त्याला ‘कॅटफिश’ म्हणून विकायला बंदी केली. भारतात तो १९९० च्या दशकात बांगलादेशमार्गे बंगालात आला, मग आंध्रच्या तळ्यांत वाढला. म्हणजे बघा, पाककृती व्हिएतनामी वातावरण तयार करायला लेमनग्रास शोधायला लावते, आणि बाजारात व्हिएतनामचं खरं कोणी असेल तर तो पंगास, ज्याच्याकडे ‘गरिबाचा मासा’ म्हणून कोणी ढुंकून बघत नाही. चा का साठी पंगास चालतो का? चालतो, पण मऊ पडतो, फार हलवला तर तुटतो. आधी तव्यावर शेकून घ्या आणि कढईत हात लावू नका.

गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल आणखी एक गोष्ट पाककृती सांगत नाही, कारण ती समुद्राचा मासा गृहीत धरते. ‘वास जायला लिंबू लावा’ असं लिहिलेलं असतं. समुद्री माशाचा वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइनचा. आंबट लावलं की त्याचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही, म्हणून वास कमी येतो. तळ्या-नदीच्या माशात हा प्रकार फार कमी. त्याला येतो तो चिखलाचा, मातीचा वास. तो जिओस्मिन या द्रव्याचा, जे पाण्यातले काही सूक्ष्मजीव बनवतात. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वासही त्याचाच. पावसात आपण त्याच्यावर कविता करतो आणि माशात नाक मुरडतो. आंबटामुळे जिओस्मिनही बदलतं आणि त्याचा वास मावळतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो, आणि स्वयंपाकघरातल्या आंबटाने ते काही अंशीच होतं. ताटात लिंबू पिळून ते होत नाही. हनोईत आंबवलेला भात लावून मासा मुरवत ठेवतात, त्यामागे चवीइतकंच हेही कारण असावं असं मला वाटतं. आपल्याकडे आंबट दही लावा, अर्धा तास ठेवा. परदेशातले व्हिएतनामी लोकही आंबवलेल्या भाताऐवजी दही वापरतात, तेव्हा ही बदली त्यांनीच मंजूर केली आहे असं समजा.

आणि आता तो सोया सॉस.

फिश सॉसचं काम काय? मीठ आणि ग्लुटामेट. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यातून जी चव वेगळी काढली, ती ही. मासे मिठात महिनोन्महिने ठेवले की प्रथिनं तुटतात आणि ग्लुटामेट मोकळं होतं. सोयाबीन आंबवलं तरी तेच होतं. तेव्हा रसायनाच्या हिशेबाने सोया सॉस ही बदली अगदीच चूक नाही. पण मग सुकट का नाही? जवळा का नाही? वाळवलेल्या झिंग्यांत ग्लुटामेट आहे, त्याची चव वाढवणारी न्यूक्लिओटाइडं आहेत, मीठ आहे, आणि वर समुद्राचा तो वास आहे जो सोया सॉस कधीच देणार नाही. विदर्भातल्या कुठल्याही आठवडी बाजारात पोत्यावर सुकटीचा ढीग दिसतो. सोया सॉसच्या बाटलीइतकी तर ती नक्कीच ‘मिळते’.

मग ‘न मिळाल्यास’ या शब्दाचा अर्थ काय? माझं म्हणणं असं की तो शब्द इथे खरं बोलत नाही. सुकट मिळते. लिहिणाऱ्याला ती माहीतही असते. पण ती कागदावर आणायची नसते. सुकट भाजली की वास जिन्यापर्यंत जातो, आणि तो वास घराची जात सांगतो असं आपल्याकडे मानलं जातं. खोली भाड्याने घेताना ‘नॉन-व्हेज चालणार नाही’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. सोया सॉस बाटलीत बंद असतो, त्याला पूर्वज नसतात. तेव्हा ही बदली ‘नाही’ वरून ‘आहे’ कडे गेलेली नाही. ती खालच्या मानल्या गेलेल्या वस्तूला वळसा घालून वरच्या मानल्या गेलेल्या वस्तूकडे गेली आहे.

अर्जुन अप्पादुराई यांचा १९८८ चा एक प्रसिद्ध निबंध आहे, भारतातल्या पाकपुस्तकांवर. शहरी मध्यमवर्गीय स्त्रियांसाठी निघालेल्या इंग्रजी पुस्तकांनी ‘भारतीय जेवण’ ही गोष्ट कशी घडवली, ते त्यात आहे. प्रांताप्रांतांचे पदार्थ एकमेकांच्या घरात गेले, पण जाताना सोपे, सुटसुटीत झाले. मराठी पुरवण्यांतल्या परदेशी पाककृतींना हेच लागू होतं, फक्त एक भर घालावी लागेल: पदार्थ सोपा करताना काय सांडायचं, हे जातीच्या आणि वासाच्या गणितानेही ठरतं. शाहू पाटोळ्यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकानंतर मराठी खाद्यलेखनाला हे गणित दिसत नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पाककृतीवर एवढा भार कशाला? लोकांना बुधवारी संध्याकाळी काहीतरी वेगळं करून खायचंय. बरोबर आहे. या पाककृतींनी एक चांगली गोष्टही केली: मासा म्हणजे तिखट लाल रस्सा, हे विदर्भातलं समीकरण त्यांनी थोडं हलवलं. सावजी वाटणात मरळ आहे की रोहू हे ओळखायला पैज लावावी लागते. हळद, शेपू आणि तेलात मासा माशासारखा लागतो. पण तेवढ्यासाठीच वाटतं की काम अर्धवट सोडू नये.

म्हणून मी करते ती पद्धत देते. अर्धा किलो शिंगाळा किंवा मरळ, दोन बोटं रुंद तुकडे, मधला काटा काढून. चार चमचे आंबट दही, तीन चमचे फल्लीतेल, सपाट चमचाभर हळद (वायगावची असेल तर थोडी कमी, नाहीतर कडवट होतं), मीठ, ठेचलेलं आलं. काष्ठौषधींच्या दुकानात कुलिंजन मिळतं; हनोईतलं ते आल्यासारखं मूळ याच घराण्यातलं. वाळलेलं आणि कडक असतं, किसून अर्धा चमचा पुरे. लेमनग्रास विसरा, चा का मध्ये त्याची गरज नाही, पण अंगणात गवती चहा असेल आणि घालावासा वाटला तर तुमची मर्जी. अर्धा तास मुरू द्या. तवा चांगला तापवून दोन्ही बाजू शेका.

शेवई. हक्का नूडल्स गव्हाच्या, आपल्या शेवयाही गव्हाच्या. दोन्ही ग्लुटेनच्या जाळ्यावर उभ्या असतात. तांदळात ग्लुटेन नाही. तांदळाची शेवई उभी राहते ती पिष्ट शिजून गार होताना घट्ट होतं म्हणून, आणि म्हणूनच ती गार खायची असते. कढईत परतली की लगदा होतो. मालवणात शिरवाळे करतात ते याच तत्त्वावर, फक्त ते नारळाच्या गोड रसात जातात. घरी करायचं तर मोदकासारखी उकड काढा, जुन्या, सुट्या शिजणाऱ्या तांदळाच्या पिठाची. सोऱ्यात शेवेची बारीक चकती घालून चाळणीवर पाडा आणि दहा मिनिटं वाफवा. नाहीतर दाक्षिणात्य ‘राईस शेवई’चं पाकीट मिळतं, तेही उत्तम. पाण्यातून काढून निथळत ठेवा.

चटणी: मूठभर जवळा मंद आचेवर कुरकुरीत भाजून पूड करा. दोन लिंबांचा रस, चमचाभर साखर, बारीक हिरवी मिरची, चमचाभर गरम तेल, फेटा. मीठ चाखूनच घाला, जवळा खारट असतो. ‘मम तोम’चा आंबलेला वास याला येत नाही, तो येणारही नाही. पण चटणी जागेवर बसते.

शेवटी कढईत अर्धी वाटी फल्लीतेल, किंचित हळद, मासे, आणि वर अख्खी जुडी शेपू आणि जुडीभर पातीचा कांदा, दोन इंच कापून. मिनिटभर, बस. आपला शेपू युरोपातल्या शेपूपेक्षा उग्र असतो, बाळंतशोपा चावून पाहिल्या असतील तर तो वास ओळखीचा आहे. गरम तेलात तो बराच नरम पडतो. जास्त शिजवला तर मात्र ती शेपूची भाजी होते आणि मुलं उठून जातात. वाटीत शेवई, वर मासा आणि हिरवं, भाजलेले फल्लीदाणे, थोडा सांबार (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: कोथिंबीर), आणि कढईतलं दोन चमचे पिवळं तेल. चटणी ज्याची त्याने घ्यावी.

शिंगाळ्याचं डोकं आणि काटा मागून घ्या, बाजारातल्या मावशी वेगळं बांधून देतात. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीबरोबर त्याचा रस्सा चांगला होतो, आणि चटणीतला उरलेला जवळा त्यातच जातो.